बाबा प्यायलेले नव्हते

हे पत्र माझ्या फोनवर रात्री पावणेतीनला आलं. वेळ मुद्दाम सांगतेय, पुढे तिचं काम आहे. पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल अशा खुणा काढून, थोडं आखडून देते.

“डॉक्टरबाई, माझे बाबा ६६ वर्षांचे आहेत. बेस्टमध्ये कंडक्टर होते, आता निवृत्त. आईबाबा आणि दादा-वहिनी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतात, मी लग्नानंतर भांडुपला. गेल्या गणपतीनंतर बाबा पहाटे उठून विचित्र वागायला लागले. बनियन पिळून निघावं इतका घाम, बोलताना जीभ अडखळायची. एकदा पहाटे चारला कपाटासमोर उभे राहून ‘पुढे सरका, पुढे सरका’ करत होते. चहा-नाश्ता पोटात गेला की ठणठणीत, आणि रात्रीचं काही आठवायचं नाही. बाबा पूर्वी कधीमधी घ्यायचे, त्यामुळे दादाला वाटलं पुन्हा सुरू झालं. शेजाऱ्यांसमोर तो त्यांना नको नको ते बोलला. लोकलच्या डब्यात ‘न सांगता दारू सोडवा’ अशी जाहिरात चिकटवलेली असते ना, त्या नंबरवरून पावडर मागवून त्याने दोन महिने ती चहातून दिली. मग एका संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत गॅलरीत बसलेले असताना बाबा खुर्चीवरून खाली आले, फिट आली. हॉस्पिटलात शुगर ३४ निघाली. बाबांना डायबेटिस नाही, आईला आहे. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, ‘घरात कुणाला शुगरच्या गोळ्या चालू आहेत का? कुठे ठेवता?’ आईने ते इतकं मनाला लावून घेतलंय की ती पुन्हा हॉस्पिटलची पायरी चढलेली नाही. नंतर एक्स-रेमध्ये उजव्या बाजूला पांढरा गोळा दिसला. सीटीत १८ सेंटिमीटर. सुईने तुकडा काढला, रिपोर्ट आला ‘सॉलिटरी फायब्रस ट्यूमर’. सर्जननी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिलीय. देवरुखचे काका म्हणतात, गाठीला लोखंड लागलं की ती पसरते, गावी घेऊन या, इकडे काढा देणारे आहेत. दादा म्हणतो, त्रास शुगरचाच आहे ना, मग गोड देत राहू, या वयात छाती कशाला फाडायची? छातीतल्या गाठीने शुगर उतरते हेच घरात कुणाला पटत नाहीये. ही गाठ बाबांच्या तंबाखूने झाली का? आम्ही काय करावं?”

ताई, रिपोर्ट मी स्वतः पाहिलेले नाहीत. पण तुम्ही लिहिलंय तसंच असेल तर माझं उत्तर एका ओळीचं आहे: ऑपरेशन करा आणि मिळालेली तारीख चुकवू नका. त्या ओळीपर्यंत घरच्यांना कसं आणायचं, एवढाच प्रश्न उरतो.

दादापासून सुरुवात करते, कारण त्याचं म्हणणं वरवर शहाणपणाचं वाटतं.

तुमच्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळेला येत असेल. बाकीचा दिवस घर चालतं ते भरून ठेवलेल्या पिंपावर. शरीराचंही तसंच आहे. जेवण म्हणजे नळ. तो गेला की यकृत आपल्या साठ्यातून थोडी थोडी साखर रक्तात सोडत राहतं, आणि रात्रभर मेंदू त्याच्यावर चालतो. जेवणानंतर इन्सुलिन येतं ते पिंप भरायला, आणि नळ गेला की ते आपोआप कमी होतं, म्हणजे पिंपाची तोटी उघडते. बाबांच्या छातीतली गाठ ही तोटी बंद करून बसलीय. वर स्नायूंनाही सांगतेय, ओढा साखर. म्हणून त्रास पहाटेचा, म्हणून तो संकष्टीला, आणि म्हणून नाश्त्यानंतर बाबा ठणठणीत.

गाठ हे कशाच्या जोरावर करते? आयजीएफ-२ नावाचं एक संप्रेरक आहे. नावातच ‘इन्सुलिनसारखं’ असं आहे आणि ते खरोखर इन्सुलिनसारखं वागू शकतं. ते आपल्या सगळ्यांच्या रक्तात असतं, पण रक्तातली काही प्रथिनं त्याला घट्ट धरून ठेवतात, म्हणून ते उपद्रव करत नाही. गाठ ते भरमसाट बनवते, आणि तेही अर्धवट घडलेलं, आकाराने मोठं. डॉक्टर त्याला ‘बिग आयजीएफ-२’ म्हणतात. हे रूप त्या प्रथिनांच्या हाताला नीट लागत नाही आणि रक्तात विनातिकीट फिरतं. ही उपमा बाबांना सांगा, त्यांना लगेच कळेल.

पटत नाही म्हणता, तर हेही सांगा की डॉक्टरांनासुद्धा पटायला वेळ लागला होता. १९३० साली अमेरिकेत डोगे आणि पॉटर या दोन डॉक्टरांनी, एकमेकांपासून वेगवेगळं, छातीतली गाठ आणि रक्तातली साखर उतरणं यांची सांगड लिहून ठेवली. आजही या प्रकाराला डोगे-पॉटर सिंड्रोम म्हणतात. पण गाठ नेमकं काय करते हे तेव्हा कुणालाच सांगता येईना. अशी साखर उतरवणाऱ्या एका वेगळ्या जातीच्या गाठीत आयजीएफ-२ तयार होताना सापडलं ते १९८८ मध्ये. मध्ये ५८ वर्षं गेली. तुमच्या घराला दोन आठवड्यांत पटलं नाही तर त्यात काही नवल नाही.

आता दादाचं ‘गोड देत राहू’. पिंपाची तोटी बंद असताना तांब्या-तांब्याने पाणी आणून घर चालवण्यातला हा प्रकार आहे. चालतं, जोपर्यंत कुणीतरी जागं आहे तोपर्यंत. गाठ मोठी होत जाते, तशी साखरेची गरजही वाढत जाते. आज दोनदा उठावं लागतंय, सहा महिन्यांनी दर तासाला उठावं लागेल. एका रात्री सगळ्यांना गाढ झोप लागेल. खेरीज १८ सेंटिमीटरची गाठ फुफ्फुसाला दाबून बसलीय ते वेगळंच. आणि औषधांचं म्हणाल, तर स्टेरॉइडच्या गोळ्यांनी काही रुग्णांची शुगर बऱ्यापैकी टिकते, पण ऑपरेशनच्या दिवसापर्यंत पोचण्यापुरतीच. इन्सुलिन कमी करणारी जी औषधं आहेत त्यांचा इथे फारसा उपयोग नाही. बाबांच्या अंगात इन्सुलिन आधीच जवळजवळ नाही, मग कमी काय करणार?

इथूनच आईची गोष्ट सुरू होते. हा भाग तुम्ही तिला वाचून दाखवा, शेजारी बसून.

डायबेटिस नसलेल्या माणसाची शुगर ५५ च्या खाली गेली की डॉक्टरला घरातल्या गोळ्यांबद्दल विचारावंच लागतं. मी ते अनेकदा विचारलंय, आणि दहापैकी नऊ वेळा समोरच्या बाईचा चेहरा पडलेला पाहिलाय. तिला ऐकू येतं, ‘तू दिलंस का?’ आम्ही विचारत असतो ते एवढंच, की पांढऱ्या बारीक गोळ्यांची एक पट्टी बीपीच्या पट्टीसारखीच दिसते, दोन्ही एकाच स्टीलच्या डब्यात असतात, चष्मा टेबलावर राहिलेला असतो. ग्लिमेपिराइडसारखी डायबेटिसची एक गोळी निरोगी माणसाच्या पोटात चुकून गेली तर शुगर दिवसभर खाली ओढते. असे रुग्ण नेहमी येतात. छातीच्या गाठीने शुगर उतरलेला रुग्ण बऱ्याच डॉक्टरांना अख्ख्या नोकरीत एकदाही भेटत नाही. फुफ्फुसाच्या आवरणातून निघणाऱ्या गाठींमध्ये ही सॉलिटरी फायब्रस ट्यूमरची जातच शंभरात पाचांहून कमी, आणि त्यातही शुगर उतरवणाऱ्या पुन्हा शंभरात पाचांहून कमी. पहिला प्रश्न गोळ्यांचाच असणार.

आणि आईला हे नक्की सांगा: तिची बाजू बाबांच्या रक्ताने केव्हाच मांडलीय. शुगर खाली असताना काढलेल्या रक्तात तीन-चार गोष्टी बघतात. डायबेटिसची ती गोळी पोटात गेली असती तर स्वादुपिंडाने जोर लावून इन्सुलिन सोडलं असतं, म्हणजे इन्सुलिन वाढलेलं आणि त्याच्या सोबत बाहेर पडणारं सी-पेप्टाइडही वाढलेलं. कुणी इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं असतं तर इन्सुलिन वाढलेलं, पण सी-पेप्टाइड तळाला. बाबांचं दोन्ही तळाला असणार. आणि एरवी इन्सुलिन नसताना, माणूस उपाशी असताना, रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळून तयार होणारे पदार्थ, वाढतात, ते इथे वाढत नाहीत. इन्सुलिन नाही, पण इन्सुलिनचं काम मात्र कुणीतरी करतंय, असा त्याचा अर्थ. फाइलमध्ये हे आकडे शोधा आणि आईसमोर ठेवा. आकड्यांवर बोट ठेवून सांगितलेलं माणसाला पटतं, ‘तसं काही नव्हतं गं’ म्हणून पटत नाही. आयजीएफ-२ ची तपासणी सगळीकडे होत नाही. ती फाइलमध्ये नसली तर त्यासाठी तारीख पुढे ढकलू नका.

काकांवर चिडू नका. गाठीला लोखंड लागलं की पसरते, हे आपल्याकडे घराघरांत ऐकलेलं आहे आणि ते अगदी हवेतून आलेलं नाही. पूर्वी माणसं इतक्या उशिरा यायची की सर्जन उघडून बघायचे आणि तसंच शिवून टाकायचे. दोन महिन्यांत माणूस जायचा, आणि गावाला दिसायची ती फक्त सुरी. काकांना त्यांच्या परसातला फणस दाखवून समजवा. फणस खोडाला देठाने लटकतो, केवढाही झाला तरी. ही गाठही बऱ्याचदा फुफ्फुसावरच्या पातळ आवरणाला देठाने लटकलेली असते आणि तिला स्वतःचं वेष्टण असतं. देठाशी थोडं फुफ्फुस घेऊन ती अख्खी काढता आली, तर बहुतेकांचा आजार तिथेच संपतो. बाबांच्या गाठीचा देठ कसा आहे, ती कुठे चिकटलीय का, हे सीटी बघून सर्जनच सांगतील. ते विचारा.

काढ्याबद्दल एकच सांगते. गुडमार, कारलं असल्या शुगर उतरवणाऱ्या वनस्पती कुठल्या काढ्यात कुणी घातल्यात ते काढा देणाराही कधी कधी सांगत नाही. बाबांना आत्ता त्यातलं काही चालणार नाही.

तंबाखूशी या गाठीचा संबंध सापडलेला नाही. ॲस्बेस्टॉसने होते तीही छातीच्या आवरणाचीच, पण वेगळी गाठ. तंबाखू सोडायला मात्र ऑपरेशनच्या आधीचे तीन आठवडे उत्तम.

ही कॅन्सर आहे का, हे तुम्ही विचारलेलं नाही, बहुतेक भीतीने. या गाठींपैकी बहुसंख्य सौम्य वागतात. काही मात्र पुन्हा उगवतात, पसरतातही, आणि कुठली कशी वागेल हे अख्खी गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली घातल्याशिवाय नीट सांगता येत नाही. सुईच्या रिपोर्टमध्ये ‘स्टॅट-६ पॉझिटिव्ह’ असं लिहिलंय का बघा. दोन जनुकं, त्यातलं एक स्टॅट-६, एकमेकांना चिकटून ही गाठ होते हे २०१३ मध्ये कळलं, तेव्हापासून तुकड्यावरच्या स्टॅट-६ च्या या एका रंगाच्या तपासणीने निदान पुष्कळ पक्कं होतं.

आता रात्री. तुमचं पत्र पावणेतीनला आलं, म्हणजे तुम्ही माहेरी राहून रात्रीच्या जागरणाची पाळी करताय असं मी धरते.

बाबांना रात्री आठ ते सकाळी आठ उपाशी ठेवू नका. झोपताना काहीतरी हळू पचणारं द्या. शुद्ध साखरेचं सरबत झर्रकन चढतं आणि तासाभरात उतरतं, रात्रीला त्याचा उपयोग नाही. दूध-पोळी, दहीभात असं काही चालेल. एंडोक्रायनॉलॉजिस्टना, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांना, कच्च्या कॉर्नफ्लोअरबद्दल विचारा. वाण्याकडे मिळतं तेच पांढरं, मक्याचं पिवळं पीठ नव्हे. ते गार पाण्यात किंवा दुधात कालवून, न शिजवता देतात, कारण कच्चं असलं की ते तासन्‌तास पचत राहतं. किती द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. शिजवून खीर केलीत तर सगळा फायदा गेला.

गजर दोनला लावा आणि पुन्हा साडेचार-पाचला. बोट टोचून बघा. ७० च्या खाली असेल आणि बाबा नीट गिळत असतील तर तीन चमचे साखर अर्धा पेला पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचायचं. वर आली की काहीतरी खायला द्यायचं, नाहीतर ती पुन्हा घसरेल. बाबा हाक मारून उठत नसतील, दातखिळी बसली असेल, तर तोंडात काहीही ओतू नका. घाबरून लोक सरबत ओततात आणि ते फुफ्फुसात जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. आल्या आल्या ‘शुगर लो आहे, छातीत ट्यूमर आहे’ एवढंच सांगा, म्हणजे ग्लुकोजची सुई आधी लागेल. हे वारंवार होत असेल, किंवा दोन रात्री सलग ५० च्या खाली जात असेल, तर तीन आठवडे घरी काढायचेच नाहीत. सर्जनना फोन करून लवकर भरती करून घ्या, तिथे ग्लुकोजच्या बाटलीवर ठेवतील.

उपास बंद, संकष्टीसुद्धा. बाबा ऐकणार नाहीत, तर त्यांच्या वाटची संकष्टी तुम्ही धरा.

एक विचारायचं राहिलं. बाबांच्या उशीखाली, खिशात कधी गुळाचा खडा, पारले-जीचा पुडा सापडायचा का? या रुग्णांच्या घरी हमखास सांगतात, म्हातारपणी खादाडपणा सुटलाय, रात्रीअपरात्री डबे उघडतात. शरीराला आपली गरज डॉक्टरांच्या आधी कळलेली असते. सापडत असेल तर बाबांना बोलला असाल त्याबद्दल त्यांच्याशी बोलून घ्या. आणि त्यांच्या हाताची बोटं बघा. नखं घड्याळाच्या काचेसारखी फुगलेली, बोटांची टोकं गोल झालेली असतील तर सर्जनना दाखवा. तेही याच गाठीचं काम असू शकतं, आणि गाठ गेल्यावर ते बरंचसं ओसरतं.

मुंबईत असल्याचा फायदा घ्या. या ऑपरेशनला छातीचा सर्जन लागतो, भूलतज्ज्ञ लागतो आणि शुगर सांभाळणारा एंडोक्रायनॉलॉजिस्ट लागतो, तिघं एकाच छपराखाली. तुमच्या हॉस्पिटलात तसं नसेल तर फाइल आणि सीटीची सीडी घेऊन परळ गाठा. केईएम आणि टाटा मेमोरियल तिथे शेजारी शेजारीच आहेत. दुसरं मत जरूर घ्या, फक्त आत्ताची तारीख हातची सोडून नव्हे. खर्चासाठी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून महात्मा फुले योजनेत काय बसतं ते विचारा, आणि वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. लाजू नका, त्यांची नेमणूकच त्यासाठी असते.

ऑपरेशनच्या वेळी काय होईल त्याची थोडी कल्पना देते, म्हणजे बाहेर बसल्यावर प्रत्येक दार उघडलं की दचकायला होणार नाही. इतकी मोठी गाठ दुर्बिणीतून निघणं कठीण, बहुधा बरगड्यांमधून मोठा छेद घेतील. तिला रक्तपुरवठा भरपूर असतो, म्हणून रक्ताची सोय आधी करायला सांगतील. काही ठिकाणी आदल्या दिवशी मांडीतून बारीक नळी घालून गाठीच्या रक्तवाहिन्या बंद करतात. पोटॅशियम कमी असेल तर ते आधी भरून काढतील. आत असताना शुगर सारखी मोजत राहतील. गाठीच्या शिरा बांधल्या गेल्या की बाबांची साखर स्वतःची स्वतः वर यायला लागते, पुष्कळदा त्याच दिवशी. पहिल्या रात्री ती २००-२५० सुद्धा दिसेल. बाबांना डायबेटिस झाला म्हणून रडू नका. अंगात गेलेलं ग्लुकोज आणि स्टेरॉइड यांचा तो परिणाम असतो, बहुधा उतरतो. छातीत काही दिवस नळी राहील, ती दुखते. फुफ्फुस फुलवायला तीन चेंडूंचं खेळणं देतील, ते दर तासाला फुंकायला, म्हणजे खरं तर ओढायला लावा.

आणि बरं वाटलं म्हणून फाइल माळ्यावर टाकू नका. या गाठी दहा-दहा वर्षांनीही परत आलेल्या आहेत. सीटीच्या तारखा सर्जन देतील, त्या वर्षानुवर्षं पाळायच्या. पुढे कधी पहाटेचा तसा घाम दिसला तर सीटीच्या तारखेची वाट न बघता आधी बोट टोचायचं.

आता दादा. त्याला झोप येत नसणार, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला कळलं, आणि का तेही.

मी रेसिडेंट असताना एका रात्री कॅज्युअल्टीत पोलिसांनी स्टेशनवरून एक माणूस उचलून आणला. तोंडाला दारूचा वास येत होता. मी नाडी बघितली, बाकावर टाका म्हटलं, उतरली की बघू. दीड तासाने सिस्टरने आपणहून बोट टोचलं. शुगर २२. दारूही यकृताला नवी साखर बनवू देत नाही, हे मी दोनच महिन्यांपूर्वी परीक्षेत लिहून आले होते. तो माणूस शुद्धीवर आला, पण नंतर त्याचं बोलणं पहिल्यासारखं झालं की नाही मला माहीत नाही, मी विचारायलाही गेले नाही. सिस्टर मला काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून वास येवो न येवो, अडखळणाऱ्या माणसाचं मी आधी बोट टोचते.

म्हणजे दादाने जी चूक केली ती मी पांढरा कोट घालून केलीय. साखर न मिळालेला मेंदू आणि प्यायलेला मेंदू बाहेरून एकसारखेच दिसतात: तोल जातो, जीभ जड होते, माणूस चिडतो, वाट्टेल ते बोलतो, सकाळी त्याला आठवत नाही. दादाकडे ग्लुकोमीटर होता तो आईचा, आणि तो बाबांना लावावा असं कुणालाही सुचलं नसतं.

पण त्याच्याकडे एक काम आहे आणि ते त्यानेच करायचंय. ती पावडर. असल्या पुड्यांमध्ये काय असतं ते पाकिटावर छापलेलं असेलच असं नाही. काहींत डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असतं, काहींत आणखी काय असेल ते बनवणारालाच ठाऊक. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते माहीत असायला हवं: कधी सुरू केली, शेवटची कधी दिली, पाकीट उरलं असेल तर पाकिटासकट. डॉक्टर ओरडणार नाहीत, आम्ही याहून भारी ऐकलेलं असतं. आणि डॉक्टरांच्या आधी त्याने ते बाबांना सांगावं. बाबांना आतापर्यंत कळलंच नसेल असं समजू नका. तीस-पस्तीस वर्षं गर्दीच्या बसमध्ये कोण तिकीट चुकवतंय हे चेहऱ्यावरून ओळखणाऱ्या माणसाला चहाची बदललेली चव कळली नसेल?

बाबांना गाठीबद्दल सगळं सांगा. त्यांना आठ महिने वाटतंय की आपल्याला वेड लागत चाललंय. त्यापेक्षा गाठ बरी.

तोपर्यंत त्यांना एकटं बाहेर सोडू नका, आणि सोडलंच तर शर्टाच्या वरच्या खिशात साखरेच्या दोन पुड्या आणि एक चिठ्ठी असू द्या. चिठ्ठी दादाच्या अक्षरात, मोठ्या अक्षरात: ‘माझी रक्तातली साखर अचानक कमी होते. मी प्यायलेलो नाही. शुद्धीत असेन तर साखरेचं पाणी द्या, नसेन तर १०८ ला फोन करा.’ खाली त्याचा मोबाइल नंबर.